हरिबाच्या घरचं सुंबरान

दौंडपासून शिरूरपर्यंत ज्या ज्या गावात बँजो पार्टी होती, त्या त्या गावात रविराज कोकरेला शिव्या घालणारा एक तरी माणूस होता. शिव्या घालून झाल्या की तोच माणूस आपला ऑक्टापॅड पोत्यात गुंडाळून एसटीत टाकायचा आणि रविराजकडे घेऊन यायचा, कारण दुसरीकडे जाऊन उपयोग नव्हता. लग्नाची तारीख डोक्यावर आली तरी 'अजून बरोबर नाही' म्हणून हा बाबा वाद्य हातातून सोडायचा नाही, एवढाच त्याचा गुन्हा. पण त्याच्या हाताखालून गेलेलं वाद्य भर मांडवात दगा देत नसे.

ऑक्टापॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची पाटी. काठी मारली की त्या चौकोनात भरलेला आवाज निघतो. परदेशातून येताना तिच्यात तिकडचे ड्रम भरलेले असत, आणि आमच्या वरातीला हवी असायची हलगी, संबळ, धनगरी ढोल. रविराज खऱ्या हलगीवाल्याला समोर बसवून आवाज टिपायचा. मग काठी हळू पडली तर हलगी कशी वाजावी, जोरात पडली तर कशी कडाडावी, हे एकेका चौकोनाला शिकवायचा. या सगळ्या जुळणीला पॅच म्हणतात. दोन हजारच्या सुमारास त्यानं जुने भाग गोळा करून एक कॉम्प्युटर उभा केला आणि पॅच पडद्यावर बांधायला लागला. तिथंही चौकोनच. एका चौकोनातून दोरा ओढायचा आणि दुसऱ्याला जोडायचा. वाजवायच्या कीबोर्डकडून कॉम्प्युटरला जातो तो आवाज नसतो, नुसता निरोप असतो: कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. निरोप कुठल्या दोऱ्यानं कुठं न्यायचा आणि त्यानं काय हलवायचं, हे बांधणाऱ्याच्या मर्जीवर. कुठं अडलं की रविराज एकेक दोरा सोडवून बघत बसायचा, आणि त्याची बायको स्वप्नाली ताट झाकून ठेवून निजायची.

हे झालं रिकाम्या महिन्यांचं काम. उसाचा हंगाम सुरू झाला की तो भीमेकाठच्या एका साखर कारखान्यात गेज सांभाळायला जायचा. रसाचा दाब, वाफेचा दाब, टाकीतली पातळी, सगळं तिथं काट्यांवर वाचतात. आयटीआय करून तो लागला त्या पहिल्याच हंगामात फोरमननं त्याला एक धडा दिला होता. थरथरणारा काटा कुणालाच वाचता येत नाही. आधी थरथर मारायची, मग आकडा बघायचा. रविराजनं तो धडा अंगाऱ्यासारखा कपाळाला लावून घेतला. स्वभावही तसाच झाला. डळमळतं काही दिसलं की त्याचा हात आपोआप पान्याकडे जायचा.

इतका वाद्यांत बुडालेला माणूस, पण त्याला गाताना कुणी ऐकलं नव्हतं. गुणगुणायचासुद्धा नाही. याचं कारण कवठे येमाईजवळच्या त्याच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याच्यासमोर कुणी ते काढत नसे.

कोकऱ्यांच्या वाडीत बिरोबाचं देऊळ आहे. पूर्वी ही सगळी मेंढरांमागे फिरणारी माणसं. रविराजचा बाप हरिबा तरणा होता तेव्हा कळप विकून बहुतेकांनी शेती धरली. मेंढरं गेली, देव राहिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जत्रा भरते, देवळापुढं ढोल घुमतो, गडी ओळीनं बसतात आणि ओव्या सुरू होतात. ओव्यांच्या आधी देवाचं स्मरण करायचं असतं, त्याला सुंबरान मांडणं म्हणतात. पुढचा गडी ओळ गातो आणि मागचे झिलकरी ती उचलून धरतात. या वाडीत सुंबरान मांडायचा मान हरिबाच्या घराचा. हरिबाचा बाप मांडायचा, मग हरिबा मांडू लागला. त्याचा आवाज चढला की म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या आणि कुणी विचारलं तर धूर गेला म्हणायच्या.

रविराज सोळा-सतरा वर्षांचा असताना एका दसऱ्याला हरिबानं त्याला पुढं बसवलं. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. माणसं हसली. मनात वाईट काही नव्हतं, पण हसली. हरिबानं त्याच्या मांडीवर हात ठेवला, "ऱ्हाऊ दे" म्हणाला आणि पुढची ओळ स्वतः घेतली. बापाला वाटलं, पोराला लाजेतून सोडवलं. पोरानं ते दोन शब्द कायमचा निकाल म्हणून घेतले. त्या दिवसापासून तो गळ्याकडून तारांकडे वळला, तो वळलाच.

दोन हजार दोन साली हरिबाच्या घशात गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाजाची पेटी काढावी लागली. गळ्याच्या खाली भोक, श्वास तिथूनच. त्यावर रविराजची आई गिताबाई धुतलेल्या पांढऱ्या कापडाची पट्टी बांधायची. हरिबाचे ओठ हलायचे, बाहेर काही यायचं नाही. लिहायला-वाचायला तो शिकला नव्हता. मग गिताबाईच त्याचे ओठ वाचून मोठ्यानं सांगू लागली. सांगताना आपल्या पदरचंही थोडं घालायची आणि हरिबाला ते खोडता यायचं नाही. आयुष्यभर त्यानं बोलावं आणि तिनं ऐकावं असं चाललं होतं, तेव्हा हिशेब फिटत असेल तर फिटो, असं वाडीतल्या बायका म्हणायच्या.

त्या वर्षी सुंबरान हरिबाच्या चुलत भावानं, हौशीरामनं मांडलं. भला माणूस. आधी देवापुढं माथा टेकून म्हणाला, "मान दादाचा हाय. मी निस्ती राखन करतोय." हरिबा मात्र देवळात आलाच नाही. पुढं त्यानं बिरोबाच्या अंगानं जाणारी वाटच टाकली. शेतावर जायचं तर लांबचा बांध धरायचा. रविराजनं एकदा विचारलं, तेव्हा बापाचे ओठ हलले, आणि गिताबाईनं त्या खेपेला पदरचं काही घातलं नाही.

"म्हनत्यात, मुक्या मानसानं देवाफुडं जाऊन काय करायचं."

हे रविराजला फार लागलं. बाप जेवत होता, शेळ्या बघत होता, पाणी धरत होता, आणि तरी घरातून कुठंतरी निघून गेल्यासारखा होता. मान कुठल्या घरात राहतो याची रविराजला पर्वा नव्हती. आबा देवळाची पायरी पुन्हा चढतात की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. पुढच्या दसऱ्याला सुंबरान आबाच मांडतील, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. आपण मांडावं, असं त्याच्या मनात आलं होतं का? आलं असेल तर त्यानं ते उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं.

हंगाम उरकल्यावर तो दौंडच्या बिऱ्हाडातून कॉम्प्युटर, कीबोर्ड आणि दोन स्पीकर घेऊन वाडीवर आला. गळ्याच्या जागी आबांच्या हाती वाद्य द्यायचं होतं. फुंकून वाजवायचं काही जमणार नव्हतं, कारण हरिबाच्या तोंडातून श्वासच येत नव्हता. एका सकाळी हरिबा शेळी पिळत होता. मुठीची ती दाब-सोड बघता बघता रविराजला सुचलं, की श्वासाचं काम मुठीला सांगता येईल.

शिरूरहून त्यानं रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणला आणि त्याची हवा सुटायची वाट बंद केली. कीबोर्डच्या डाव्या कडेला दोन लहान चाकं असतात. एक सूर वर-खाली ओढतं. दुसरं आवाजाला हेलकावे देतं, त्याला मॉड्युलेशनचं चाक म्हणतात. हे दुसरं चाक त्यानं उचकटलं आणि त्याच्या खालचा फिरता भाग कारखान्याच्या भंगारातून मागून आणलेल्या एका गेजला जोडला. गेजला फुग्याची नळी. फुगा दाबला की गेज हलायचं, गेजबरोबर चाक फिरायचं आणि कॉम्प्युटरला निरोप जायचा. पडद्यावर त्यानं तो निरोप दोन वाटांनी फोडला. एका वाटेनं आवाज लहान-मोठा व्हायचा. दुसऱ्या वाटेनं तोंड उघडायचं: हलकं दाबलं तर 'ओ', जोरात दाबलं तर 'आ'. उजव्या मुठीत फुगा आणि डाव्या अंगठ्याखाली सूर ओढायचं चाक. हरिबाला एकही पट्टी शिकायची गरज नव्हती.

आता आत आवाज कुणाचा घालायचा? हौशीरामचा घ्यावा तर त्याला सगळं सांगावं लागलं असतं, आणि जमेल की नाही याचीच रविराजला खात्री नव्हती. त्यानं खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला आणि आपलाच 'ओ' नि 'आ' टिपून घेतला. यंत्रासमोर त्याला लाज वाटली नाही. कुणाला बोलला मात्र नाही.

पहिल्या दिवशी हरिबानं फुगा दाबला, सोडून दिला, आणि मग कुठं आवाज आला. त्यानं वैतागून फुगा खाटेवर टाकला.

"म्हनत्यात, मी हितं आन् माझा आवाज शिरूरला," गिताबाई म्हणाली. हे शेवटचं शिरूर तिचं असावं.

कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून मग सोडतो, म्हणून हा उशीर. साठा कमी करावा तर आवाज कढईतल्या मोहरीसारखा तडतडायचा. मधला आकडा सापडेपर्यंत रविराजची दाढी वाढली. ते निस्तरलं तर दुसरंच. हरिबानं हात काढून घेतला तरी कधीकधी आवाज चालूच राहायचा. सोडल्याचा निरोप वाटेत हरवायचा. एकदा तर भाकरी खाऊन होईपर्यंत एकच 'आ' घरभर घुमत राहिला आणि शेळ्यांनी दाव्याला हिसके दिले. रविराजनं एक पहारेकरी चौकोन बसवला: दाब ठरावीक रेघेखाली गेला की आवाज बंद, मग निरोप येवो न येवो.

तिसरी अडचण त्याला अडचण म्हणून फार सोपी वाटली. मुठीचा दाब पडद्यावर रेघेनं दिसत होता. रेघ चढायची, टिकायची, आणि खाली उतरायच्या आधी बारीक बारीक थरथरायची. रविराजनं बापाच्या हाताकडं पाहिलं. सत्तरी आलेला हात, ऑपरेशनमधून उठलेला माणूस. त्याला वाईट वाटलं. आबांच्या म्हातारपणाचा कंप भर जत्रेत स्पीकरमधून लोकांना ऐकू जाऊ नये, असं त्याला मनापासून वाटलं. कारखान्यात जे हजारदा केलं होतं तेच त्यानं इथं केलं. रेघ गुळगुळीत करणारा एक चौकोन मध्ये बसवला. थरथर गेली. रेघ अशी सुंदर उतरू लागली की तो तिच्याकडं बघत राहिला.

हरिबानं वाजवलं, थांबला, फुग्याकडं पाहिलं, पुन्हा वाजवलं. ओठ हलले.

"म्हनत्यात, काय तरी गिळतंय ह्ये."

"उशीर व्हतोय आबा अजून. करतो कमी," रविराज म्हणाला, आणि पुन्हा त्या साठ्याच्या मागं लागला. बाप जे सांगत होता ते त्यानं ऐकलं, पण त्याचं उत्तर त्याच्याजवळ आधीच तयार होतं.

तरी घरात उजेड आला होता, हे खोटं नव्हे. हरिबा दुपारचं जेवण झालं की स्वतःहून फुगा मागायचा. गिताबाई शेंगा फोडत ऐकत बसायची. एक दिवस हौशीराम येऊन ऐकून गेला. सूर ओळखीचा निघाल्यावर तो खूश झाला, पण डोकं खाजवत म्हणाला, "वैनी, पर ह्यात शब्द कुठं हायेत?"

"शब्द समद्यास्नी पाठ हायेत भावजी. सूर त्येंचा लागतो," गिताबाई म्हणाली.

भाद्रपदाच्या शेवटी एका सकाळी रविराजनं बघितलं, बाप शेतावर निघाला होता आणि त्यानं बिरोबाची वाट धरली होती. देवळापाशी थांबला नाही, पण गेला त्याच वाटेनं. तो दिसेनासा होईपर्यंत रविराज गोठ्याआड उभा राहून बघत होता.

जत्रेला लोड शेडिंगचा भरवसा नको म्हणून तळेगाव ढमढेऱ्याहून इंद्रजीत जीपमधून जनरेटर आणि मोठे स्पीकर घेऊन आला. त्याचा ऑर्केस्ट्रा होता आणि रविराजचं त्याच्यावर उपकारांचं ओझं होतं. सकाळची वेळ होती. हरिबा नवा पटका बांधून आला, पायरीला हात लावला, पायरी चढला. भंडारा उधळला. सगळी वाडी बघत होती. तो आपल्या जागेवर, सगळ्यांच्या पुढं बसला. मागं हौशीराम आणि झिलकरी. रविराज बाजूला पडद्यापुढं. ढोलावर काठी पडली.

पहिला सूर निघाला तेव्हा अख्खं देऊळ चिडीचूप झालं. हरिबाचे ओठ शब्द म्हणत होते, मूठ आवाज देत होती. ओळ वर गेली, फिरली, उतरली आणि संपली. झिलकऱ्यांनी उचलली, पण अर्धे आधी, अर्धे मागाहून. सावरून घेतलं. दुसऱ्या ओळीला तेच झालं. तिसरीला मागचे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि कुणीच उचलली नाही. ढोलकऱ्याचा हात हवेत राहिला. हरिबा आता फुगा नेटानं पिळत होता, सगळा हात खांद्यापासून थरथरत होता. स्पीकरमधून मात्र सूर संथ, गुळगुळीत, तुपासारखा येत होता. रविराजला वाटलं, आबा थकले. त्याला बघवेना.

हरिबानं फुगा खाली ठेवला. चाकावरचा अंगठा काढला. कपाळाला भंडारा लावला, उठला आणि कुणाकडं न बघता पायऱ्या उतरून गेला. हौशीरामनं डोळे मिटून पुढची ओळ घेतली. झील बरोबर उठली. इंद्रजीतनं येऊन रविराजच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तो वायरी गुंडाळत होता आणि एकच वायर पुन्हा पुन्हा सोडून गुंडाळत होता.

घरी आल्यावर हरिबानं फुग्याला हात लावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावलाही नाही. पुन्हा लांबच्या बांधानं जाऊ लागला. कारखान्याचं बोलावणं जवळ आलं होतं, रविराज सामान बांधत होता. आईच्या हातून चहा घेताना तो एवढंच म्हणाला, "आबांचा हात लईच थरथरतो आता. मीच येड्यावानी त्यास्नी तिथं बसवलं."

"कवा थरथरतो?" गिताबाई म्हणाली. "बशीत च्या ओततात तवा थेंब सांडत न्हाई. सुईत दोरा मला ववून देत्यात. शेळी पिळताना धार भांड्याभाईर जात न्हाई. तुझ्या त्या फुग्यावरच बरा थरथरतो." आणि ती चुलीकडं गेली.

रविराजनं कप बाजूला ठेवला. मग त्यानं बांधलेलं सामान सोडलं.

जत्रेच्या दिवशी आलेले सगळे निरोप त्यानं सवयीनं साठवून ठेवले होते: मूठ आणि चाक, जसे आले तसे, गुळगुळीत व्हायच्या आधीचे. त्यानं ती रेघ पडद्यावर ताणून बघितली. ओळीच्या मध्ये हात दगडासारखा स्थिर होता. थरथर फक्त ओळीच्या शेवटी होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी, त्याच जागी, तेवढीच. कंप असा जागा निवडून येत नसतो. रविराज लहानपणापासून बापाच्या मागं बसून ऐकत आला होता: ओळ सोडताना हरिबा गळ्याला एक हिंदकळा द्यायचा, आणि तो हिंदकळा म्हणजेच मागच्यांना हाक होती, की घ्या, आता तुमची. त्या हाकेवर झील उठायची. बापानं मुठीनं तीच हाक द्यायचा प्रयत्न केला होता, शेवटी सगळा खांदा लावून केला होता. आणि पोरानं मध्ये बसून ती हाक पुसून टाकली होती, माया म्हणून.

त्याला रडू आलं ते त्यानं आवरलं नाही. नंतर त्यानं तो गुळगुळीत करणारा चौकोन काढून टाकला, दोरा सरळ जोडला आणि साठवलेले निरोप पुन्हा चालू केले.

जत्रेत हरिबानं मांडलेलं सुंबरान आता पहिल्यांदा घरात वाजलं. ओळ चढली, फिरली, उतरली आणि शेवटाला हिंदकळली. चुलीपाशी भाकरी थापत असलेल्या गिताबाईनं, मान वर न करता, अचूक त्या क्षणाला झील उचलली. तिचं तिलाच कळलं नसावं. दुसऱ्या ओळीला पुन्हा उचलली. मग तिचे हात थांबले आणि ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

गोठ्याकडून हरिबा आला. ऐकत उभा राहिला. जिथं त्यानं फुगा खाली ठेवला होता तिथं आवाज तुटला. रविराजला तोंड वर करवेना.

"आबा, चूक माझी व्हती," तो म्हणाला. "तुमी देत व्हता. मीच मधी काढून टाकत व्हतो."

हरिबानं हातानंच ते राहू दे असं केलं. त्याला दुसरंच काही विचारायचं होतं. त्यानं स्पीकरकडं बोट केलं, ओठ हलले.

"म्हनत्यात, ह्यो गळा कुनाचा?" गिताबाईनं सांगितलं. "त्येंला वाटलं व्हतं यंत्राचाच असंल."

"माझा."

हरिबा पोराकडं बघत राहिला. मग त्याचे ओठ हलले.

"म्हनत्यात, मग डब्यात कशापायी घालून ठिवलास?"

रविराजनं फाटक्या आवाजाचं, त्या जुन्या दसऱ्याचं काहीतरी पुटपुटायला तोंड उघडलं, पण हरिबा शेजारी बसला होता आणि त्यानं त्याचं मनगट मुठीत धरलं होतं. शेळी पिळून पिळून घट्ट झालेली ती मूठ. हरिबानं दाबली. रविराजला कळलं काय हवंय ते. त्यानं सूर लावला. मूठ आवळली तसा तो चढला, सैल झाली तसा उतरला. मध्येच आवाज फाटला आणि तो थांबला. मूठ थांबली नाही. ती दाबतच राहिली, आणि शेवटी त्याला पुन्हा सूर धरावाच लागला. ओळीच्या शेवटी बापाचा हात थरथरला, मनगटातून ती थरथर वर गळ्यापर्यंत गेली, आणि दारात उभ्या गिताबाईनं झील उचलली.

त्या हंगामात सुट्टी मिळाली की रविराज पाटसच्या फाट्यावरून मिळेल ती गाडी धरून वाडीवर यायचा आणि मनगट बापाच्या हातात द्यायचा. पुढच्या दसऱ्याला जनरेटर आला नाही, स्पीकर आले नाहीत. बापलेक देवळापुढं शेजारी शेजारी बसले. रविराजचा आवाज चांगला नव्हता आणि आजही नाही; दोनदा फाटला. पण झील एकदाही चुकली नाही. सुंबरान संपल्यावर हौशीरामनं वाकून आधी थोरल्या भावाच्या हाताला हात लावला आणि मग देवाच्या पायाला.

हरिबा त्यानंतरच्या वैशाखात गेला. गाठ परत आली होती.

रविराज पॅच बांधतो अजून, आणि पार्टीवाले अजून त्याला शिव्या घालतात. आता तर जास्तच उशीर लावतो. रेघ थरथरताना दिसली की लगेच हात घालत नाही. वाजवणाऱ्याला समोर बसवतो आणि आधी विचारतो, ही थरथर तू देतोस का आपोआप येते.

बापाविना पहिला दसरा आला तेव्हा तो एकटा पुढं बसला. पहिली ओळ नीट गेली. शेवट जवळ आला आणि हाक कशी द्यायची ते त्याला सुचेना, मागचे वाट बघत होते. मग त्यानं डाव्या हातानं आपलंच उजवं मनगट घट्ट धरलं आणि हात थरथरवला. झील उठली. तेव्हापासून तो तसंच मांडतो. वाडीतली लहान पोरं खेळात सुंबरान मांडताना आपापलं मनगट धरून बसतात. त्यांना वाटतं, पूर्वापार असंच मांडत आले असतील.